तिसरा घास

दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत रविवारी दुपारी कुणी स्वतःच्या चपला शोधत फिरताना दिसला, तर तो लुंबिनी गजभियेच्या घरून निघालाय असं खुशाल समजावं. तिची मुलगी यशोधरा आल्यागेल्याच्या चपला लहान-मोठ्या क्रमानं ओळीत लावते. जोडी फुटली तरी चालेल, ओळ मोडता कामा नये. लुंबिनी दारात उभी राहून पाहुण्यांना सांगते, सावकाश शोधा, तिचं काम बिघडवू नका.

यशोधराला ऑटिझम आहे. ती लहान असताना लुंबिनीला धड कुणी काही सांगितलं नाही, नुसते हेलपाटे झाले. तेव्हापासून ही नागपूरची बाई सरकारी नोकरी सांभाळून रविवारी घराचं दार उघडं ठेवते. ज्यांना आपल्या मुलाबद्दल नुकतं कळलंय, किंवा अजून कळायचंय, असे आईबाप येतात. ती डॉक्टर नाही आणि डॉक्टरकी करतही नाही. इस्पितळाची तारीख लगेच घ्यायची आणि ती येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. मी शेजारची कुमुदकाकू, पोहे करायला जाते. लोक माझ्या तोंडाला जरा घाबरतात, ते बरंच आहे.

मार्चमध्ये मयुरा आणि अनिश आले. मूळचे पुण्याचे, दोघंही आयटीतले, कडेवर अडीच वर्षांची क्षिप्रा. पोरगी गोड, पण नावानं हाक मारली तरी वळेना. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत बसली. तारीख त्यांनी घेतली होती, ती थेट जूनची. मयुरा मात्र वेगळ्याच गोष्टीनं खचली होती.

"ताई, तिला मी लागतच नाही," ती म्हणाली. "दूध लागतं, झाकण लागतं. देणारी मी आहे की आणखी कुणी, तिला काही फरक पडत नाही."

माझे पोहे बशीत गार होत होते. एरवी मला ते खपत नाही, पण त्या दिवशी मीच बशी बाजूला सरकवली.

लुंबिनीनं समजूत काढली नाही, ती कधीच काढत नाही. तिनं मयुराला क्षिप्रासमोर खाली बसवलं आणि घरी खेळता तसं खेळा म्हणाली. मयुरानं सुरू केलं, बेटा इधर देखो, मम्मा को झाकण दो. मग पोरीचा हात चहाच्या कपाकडे गेला, तशी ती म्हणाली, हात मत लगाओ, चटका बैठेगा. मला हसू आवरेना. लुंबिनीनं विचारलं, घरी हिंदी का? तर पाळणाघरातल्या बाईंनी सांगितलं होतं म्हणे, दोन भाषांनी पोर गोंधळलंय, एकच ठेवा. झालं! या शहाण्यांनी घरातली मराठी बंदच करून टाकली. दिल्लीत आलेली किती मराठी घरं हेच करतात, आणि मग पोराचे लाड करायला आईकडे शब्द उरत नाहीत. माझा संताप झाला आणि मी तो बोलूनही दाखवला.

लुंबिनी शांतपणे म्हणाली, "दोन भाषांनी ऑटिझम होत नाही, मयुरा. तुला येतं त्या भाषेत खेळ. फक्त सगळं तूच करून टाकू नकोस. मधे थांब. तिला काही करायला जागा ठेव."

मयुरानं त्याच रात्री वरणभात कालवला आणि चिऊकाऊचे घास सुरू केले. एक चिऊचा, एक काऊचा, आणि तिसऱ्याला हात तसाच धरून थांबायचं. सुरुवातीला क्षिप्रा सरळ उठून जायची. मयुराला थांबणं जमायचंच नाही, ऑफिसातल्या बाईला कुठलं थांबणं जमतंय! पण रविवारी आल्या आल्या सगळे तिला हेच विचारायचे, थांबलीस का? हळूहळू क्षिप्रा आईचा हात तोंडाकडे ओढायला लागली. मग एकदा अनिश लिफ्टमधून धावतच आला. क्षिप्रानं हाताकडे नाही, आईच्या तोंडाकडे बघितलं होतं. आम्ही जिलेबी मागवली. मयुरा तरी म्हणालीच, भातासाठी बघितलं असेल.

जूनमध्ये इस्पितळात लुंबिनी रजा टाकून बरोबर गेली, मी डबा घेऊन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑटिझम आहे, पुढच्या आठवड्यापासून थेरपी सुरू करू, आणि घरी चाललंय ते चालू द्या, मराठीतच. मयुरा रडली नाही. कुठल्या वारी यायचं तेवढं विचारून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर बसून डबा उघडला.

चिऊचा झाला. काऊचा झाला. तिसरा घास हातात धरून मयुरा थांबली. क्षिप्रानं आईकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी तिची बोटं पकडली आणि तो घास उलटा फिरवून आईच्याच तोंडात कोंबला. अर्धा भात ओढणीवर सांडला. पोरगी आईचं तोंड निरखत बसली, खातेय का बघत.

लुंबिनीनं तोंड फिरवलं आणि माझ्या पदराला डोळे पुसले. मीही रडत होते, लपवायचं काय त्यात. भात गार झाला होता, मीठही कमी पडलं होतं. मयुरा तो चावत राहिली, चावत राहिली, गिळेचना.