निघण्याआधी थोडं बसावं

दुबई विमानतळावर सामान देऊन झालं आणि रेजिनाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला मुदत दिली. "रशियाहून परत येईपर्यंत काय ते ठरवा. नंतर मी विचारणार नाही."

आम्ही मूळचे वसईचे. मी अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत स्टोअर्स सांभाळत होतो आणि मार्चमध्ये निवृत्त होणार होतो. पुढे राहायचं कुठे, हा प्रश्न होता. रेजिनाला वसई हवी होती. मला दुबई. आमची एकुलती एक मुलगी, शेरॉन, दुबईतच सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करते आणि तिने आमच्यासाठी एक खोलीही तयार ठेवली होती. ही आम्हा तिघांची जानेवारीतली सहल तिचीच भेट. "आयुष्यभर भट्टीशेजारी बसलास, आता एकदा फ्रीजर बघून ये," असं ऑफिसातल्या मित्रांनी चिडवलं होतंच.

मॉस्कोत विमानतळाबाहेर पहिला श्वास घेतला आणि नाकात काहीतरी करकरलं. वाळवंटातल्या माणसाला थंडी ऐकून माहीत असते; ती नाकातून कळली. लाल चौकात बर्फ भुरभुरत होता आणि समोर सेंट बेसिलचं ते रंगीबेरंगी चर्च. एक घुमट दुसऱ्यासारखा नाही.

"इतके वेगवेगळे, तरी एका भिंतीवर राहतात," मी म्हणालो.

"आपण तिघंच आहोत, तरी बघा," रेजिना म्हणाली.

शेरॉनच्या फोनमध्ये सगळा कार्यक्रम मिनिटामिनिटाने लिहिलेला होता. "पप्पा, यल्ला (अरबीतलं 'चला'), वी आर लेट," हे मी त्या सहलीत जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा बॉसकडूनही ऐकलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी थंडीने तो फोनच बंद पडला. नकाशा गेला, तिकिटं गेली, कार्यक्रम गेला. आम्ही समोर दिसलेल्या पहिल्या खाणावळीत शिरलो आणि फोनला चार्जर लावून बोर्श्त (बीटाचं आंबटसर सूप, वर घट्ट सायीचा गोळा) पीत बसलो. काचेला वाफ धरली होती. तिथे रेजिनाने सरळ विचारलं, "वसईची एवढी भीती कसली?"

मीही सरळ सांगितलं. सुटीवर गेलं की फाटकातच लोक विचारतात, "कधी आलास?" आणि लगेच, "परत कधी?" तीस वर्षं या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच माझी त्या गावात ओळख आहे. ते उत्तर नसेल तर मी तिथे कोण? रेजिना सूप ढवळत राहिली. शेरॉन म्हणाली, "सो स्टे विथ मी. खलास." माझी बाजू भक्कम झाली, असं मला वाटलं.

मॉस्कोहून आगगाडीने व्लादिमीरला आणि तिथून टॅक्सीने सुझ्दालला गेलो. हे जुनं, लहानसं गाव पाहायलाच खरं तर रशियाला यावं. निळ्या घुमटांवर सोनेरी चांदण्या, कामेंका नदी गोठलेली, आणि तिच्यावरून लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन खुशाल पलीकडे चाललेले. बर्फावर कसं चालावं यावर मी दोघींना छोटंसं भाषण दिलं आणि चौथ्या पावलाला आडवा झालो. "शेरॉन, आपल्या उंटावरच्या शहाण्याला उठव गं," रेजिना म्हणाली आणि पोटभर हसली. मुदत दिल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

आम्ही गालिना नावाच्या साठीच्या बाईंच्या लाकडी घरात उतरलो होतो. खिडक्यांना कोरीव चौकटी, कपाटात काकडीच्या लोणच्याच्या बरण्या. तिसऱ्या सकाळी टॅक्सी दारात आली, शेरॉनने "यल्ला" म्हटलं, आणि गालिनाबाईंनी दरवाजाच अडवला. शेरॉनच्या फोनवरच्या भाषांतरातून त्यांचं म्हणणं कळलं. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी थोडं बसायचं, बोलायचं नाही, मग उठायचं. त्यांच्याकडे तशी रीतच आहे.

बसलो. मी सुटकेसवर, शेरॉन पायरीवर, रेजिना खुर्चीच्या कडेला. गालिनाबाईही बसल्या.

दर वर्षी वसईहून निघताना माझी नजर घड्याळावर असायची. रेजिनाचा चेहरा निघताना कसा होतो, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आज पाहिला. ती सामानाकडे बघत नव्हती. ती त्या बरण्यांकडे, पडद्यांकडे, चुलीपाशी रचलेल्या लाकडांकडे बघत होती, आणि मग दाराजवळ बसलेल्या गालिनाबाईंकडे. मला फार वाईट वाटलं.

टॅक्सीत ती हलक्या आवाजात म्हणाली, "ती बाई किती जणांना निरोप देत असेल. आपण नुसते निघतोच. मला एकदा दारात उभं राहणारी व्हायचंय."

व्लादिमीर स्टेशन आलं. फलाटावर बॅग उतरवताना म्हणालो, "वसईला जाऊ." तिने फक्त माझा मफलर नीट केला.

मुदत संपायला तेव्हा अजून दोन दिवस शिल्लक होते. मार्चमध्ये रुवैसचं घर रिकामं केलं. शेरॉन आम्हाला सोडायला वसईला आली, आठवडाभर राहिली. फाटकात लोकांनी मला विचारलंच, "परत कधी?" मी म्हणालो, "नाही जाणार." मंडळी थोडी गोंधळली, मग म्हणाली, "बरं, रविवारी ये घरी." एवढंच.

शेरॉन निघाली त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर हॉर्न वाजवत होती. रेजिना दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बस जरा." शेरॉन बॅगेवर बसली, मी पायरीवर, रेजिना उंबऱ्याजवळ. हॉर्न पुन्हा वाजला. मी सवयीने उठायला लागलो.

शेरॉनने मला हाताने खाली बसवलं आणि ड्रायव्हरला फोन लावला. "भैया, थोड़ा रुको," ती म्हणाली. "अभी हम बैठे हैं."