लाखोळीच्या प्रथिनाचा आकडा

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपुरात मी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. काम लाखोळीच्या डाळीच्या दाण्यातल्या एका लहानशा प्रथिनावर. ते कॉलममधून, म्हणजे बारीक दाणेदार पदार्थ भरलेल्या काचेच्या नळीतून, शुद्ध करून घ्यायचं, पण त्याआधी त्याचा समविद्युत बिंदू माहीत हवा. म्हणजे कोणत्या पीएचला त्याच्यावरचे धन आणि ऋण भार बरोबरीत सुटतात ते. त्या पीएचजवळ प्रथिन नासलेल्या दुधासारखं गोळा होतं, म्हणून बफर, म्हणजे ते ज्यात विरघळवायचं ते ठरावीक पीएचचं द्रावण, तिथून लांबचा निवडायचा.

तो मोजायचं उपकरण आमच्याकडे नव्हतं. पण एका परदेशी नियतकालिकात त्या प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम छापून आला होता. सर म्हणाले, त्यावरूनच हिशेब कर. मी हौसेनं बसले. भार असलेली आम्लं वेगळी काढली, लॉगची पुस्तिका घेऊन एकेका पीएचला बेरीज करू लागले, आणि ‘बी’ या अक्षरापाशी अडले. बी म्हणजे दोन आम्लांपैकी कुठलं तरी एक. कुठलं, ते छापणाऱ्यांनाही ठरवता आलं नव्हतं, कारण तोडण्यासाठी प्रथिन उकळताना दुसरं पहिल्यात बदलून जातं. पहिल्यावर ऋण भार, दुसऱ्यावर काहीच नाही. असे बी बरेच होते. सगळे भारवाले धरले तर उत्तर पाचाच्या खाली, निम्मेच धरले तर सहाच्या आसपास. बेरजा पुन्हापुन्हा तपासून माझं डोकं उठलं.

सर सावनेरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. चिडले की तिकडचं बोलायचे. मी दोन उत्तरांचा कागद पुढे केला.

“मले एक आकडा पाहिजे. दोन आकड्यांचा बफर बनवते का तू?”

मी म्हटलं, आधी थोडा कच्चा अर्क वेगवेगळ्या पीएचला ठेवून पाहते. त्यांना ते वेळ घालवणं वाटलं. सगळे बी भारवाले धर म्हणाले, आणि पाचाच्या खालच्या आकड्यापासून लांब म्हणून बफर सहाचा ठरवून मोकळे झाले.

कित्येक महिने जमवलेला अर्क मी त्या बफरसकट कॉलममध्ये ओतला. थोडा वेळ थेंब पडले, मग मंदावले, मग थांबले. काचेत वरच्या बाजूला पांढुरका थर धरला होता. रडू आलं नाही, नुसता संताप आला.

सरांनी वाकून बघितलं. “म्हणजे सहाच्याच जवळ आहे तो. चला, आकडा तर भेटला.” टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

“सर, तो माझ्या कागदावर होता.”

“कागदावर दोन होते वं,” ते म्हणाले आणि तासाला गेले.

धरमपेठेतल्या घरी पोचेपर्यंत सायकलवर मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होते. सोमवारी पुन्हा दाणे भिजत घातले. या वेळी बफर आठाचा केला, कुणाला न विचारता. प्रथिन व्यवस्थित निघालं. तोवर माझ्या बरोबरीच्या मुली प्रबंध देऊन मोकळ्या झाल्या होत्या.