रविवारी साडेनऊची इमर्जन्सी

पेशंट बरा झाला की घरी जातो आणि एक्स-रे दवाखान्यातच विसरतो. आमच्या कपाटावर अशा बेवारशी फिल्मांचा हा ढीग साठलेला! कुणाची बरगडी, कुणाचा गुडघा, काही पत्ता नाही. किस्स्यांचंही तसंच. ज्याचे असतात तो विसरून जातो, आणि सांभाळत आम्ही बसतो.

परवा नातवानं मोबाईलवर कुठलीशी जुनी धून लावली आणि मी त्याचं मनगट धरून नाडीच मोजायला लागले. तो म्हणाला, ‘‘आज्जी, काय झालं?’’ काय सांगू त्याला! ती एका हॉस्पिटलच्या मालिकेची धून होती. आधी नुसती छातीची धडधड, मग व्हायोलिनं, मग एका बाईचा लांबलचक ‘आ…’ आणि शेवटी अँब्युलन्सचा भोंगा. ऐंशीच्या दशकात, कोल्हापुरात टीव्ही नुकता पोचला होता तेव्हा, या धुनेनं आमचा दवाखाना चालवलाय.

दवाखाना राजारामपुरीत, बारा खाटांचा. डॉक्टर सर्जन. बाबालाल कंपाउंडर. आणि मी शालन, सिस्टर.

*

डॉक्टरांनी वेटिंग रूममध्ये टीव्ही आणला तो नंबरावरून होणारी भांडणं मिटावीत म्हणून. भांडणं मिटली. पण नंबर आला तरी कुणी आत जाईना!

मालिका रविवारी सकाळी साडेनऊला. रविवारी ओपीडी बंद, फक्त इमर्जन्सी. महिन्याभरात रविवारच्या इमर्जन्सी एवढ्या वाढल्या की दारात चपला काढायला जागा उरेना. डॉक्टर खूश. मला म्हणाले, ‘‘सिस्टर, लोकांचा विश्वास बसला बघा आपल्यावर.’’

मी टीव्हीचा आवाज जरा कमी केला.

एका रविवारी कसबा बावड्याच्या एक आजी पहिल्या बाकावर मांडी ठोकून बसलेल्या. डॉक्टर स्वतः त्यांच्यापाशी गेले.

‘‘आजी, काय होतंय?’’

‘‘छातीत धडधडतंय.’’

‘‘कधीपासनं?’’

आजींनी मान तिरकी करून डॉक्टरांच्या मागं टीव्हीकडं बघितलं. ‘‘अजून कुठलं? अजून जाहिराती चालल्यात की! जरा बाजूला व्हा बघू.’’

*

मालिकेतला मोठा डॉक्टर वाईट बातमी सांगण्याआधी चष्मा काढायचा, हळूहळू पुसायचा, मग म्हणायचा की आम्ही सगळे प्रयत्न केले. चष्मा निघाला की समजायचं, पेशंट गेला.

आमच्या डॉक्टरांनाही चष्मा होता. ऑपरेशन थिएटरमध्ये मास्कमुळं त्यावर वाफ धरायची. बाहेर आले की पहिल्यांदा पुसायचे. वीस वर्षांची सवय.

उचगावच्या एका माणसाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. छान झालं. बाहेर बायको, भाऊ, मेव्हणे, चुलते मिळून अर्धा टेम्पो माणसं. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी चष्मा काढला.

बायकोनं अशी किंकाळी फोडली, की रस्त्यावरचा रिक्षावाला आत आला!

‘‘अहो, ऑपरेशन चांगलं झालंय!’’ डॉक्टर ओरडले. चष्मा अजून हातातच.

थोरल्या भावानं डोळे पुसत डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘खरं काय ते सांगा, डॉक्टर. आमी मन घट केलंय.’’

आता, कमरेत इंजेक्शन देऊन केलेलं ऑपरेशन. पेशंट चांगला जागा होता. आत मी त्याला ट्रॉलीवर घेत होते. बाहेरचा आकांत ऐकून त्यानं माझा हात धरला.

‘‘सिस्टर, कोन गेलं वो?’’

‘‘कुणी नाही, तुम्ही पडून राहा.’’

त्याचा विश्वास बसेना. जरा वेळ कान देऊन ऐकलं, आणि त्याच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. ‘‘लई रडाय लागल्यात. मानूस चांगला असनार बघा!’’

*

मालिकेत पेशंटच्या उशाशी एक यंत्र असायचं. त्यात हिरवी रेघ टुक्-टुक् उड्या मारत पळायची. रेघ सरळ झाली की खेळ खलास. आमच्याकडं असलं काही नव्हतं. ईसीजीचं मशीन होतं, ते कागदाची पट्टी काढायचं, बस्स.

हुपरीचे एक पावणं आईला घेऊन आले. घरात चांदीच्या पैंजणांचं काम, माणूस बारकाईनं बघणारा. आईला नुसती चक्कर आली होती. पण यांनी सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि विचारलं, ‘‘रेघ कुठं हाय?’’

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी हातात दिली. ‘‘ही बघा. एकदम नॉर्मल.’’

पावण्यांनी पट्टी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. तोंड पांढरं पडलं. ‘‘डॉक्टर, ही हलत न्हाय की!’’

डॉक्टरांनी दहा मिनिटं समजावलं. हृदय म्हणजे काय, कागद म्हणजे काय. पावणं ऐकेनात. आईला आत्ताच्या आत्ता मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून गाडी बघायला निघाले. आई म्हणतेय, ‘‘मला भूक लागल्या,’’ तिकडं कुणाचं लक्ष नाही.

तेवढ्यात बाबालाल आला. त्यानं पट्टी घेतली, औषधं द्यायच्या खिडकीमागं उभा राहिला, आणि या हातातनं त्या हातात हळूहळू सरकवायला लागला. तोंडानं ‘टुक्… टुक्… टुक्…’

पावणं खिडकीतनं डोळे मोठे करून बघत राहिले. पट्टी संपली तसा त्यांनी मोठा श्वास सोडला.

‘‘हां! आता कसं! मघाशी बटन बंद हुतं वाटतं.’’

*

धून सगळ्यांत जास्त चढली ती डॉक्टरांना. ऑपरेशन करताना ते गुणगुणायचे. आपण गुणगुणतोय हे त्यांना कळायचंही नाही.

एक बँडमास्तर आले. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवणारे, हाताखाली चौदा माणसं. त्यांना मूळव्याध. सूर लांबवायला जोरात फुंकलं की खाली कळ यायची. ऐन लग्नसराईत बँड बसला, म्हणजे मास्तरांनाच बसता येईना म्हणून बसला! त्यांचंही ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन. मी उशाशी, डॉक्टर पायथ्याशी.

डॉक्टरांनी काम सुरू केलं आणि सवयीनं धून सुरू झाली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मधेच एकदम ओरडले, ‘‘डॉक्टर, चुकतंय!’’

डॉक्टरांचे हात जागच्या जागी थांबले. 

‘‘काय झालं? दुखतंय का?’’

‘‘दुखत न्हाय वो. दुसऱ्या ओळीला सूर वर न्यायचा. तुमी खाली चाललाय.’’

डॉक्टर मास्कमधनंच म्हणाले, ‘‘मास्तर, मी आत्ता खालीच आहे! वरचं तुम्ही बघा.’’

आणि मास्तरांनी खरंच वरचा सूर धरला. ऑपरेशन संपेपर्यंत दोघांनी मिळून ती धून तीनदा पुरी केली.

*

माझंही एक सांगून टाकते. मालिकेत तरुण डॉक्टर आणि नर्स यांचं जमत आलं होतं. गावभर चर्चा. नेमकं त्याच वेळी मला स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात क्लार्क, स्वभावानं गरीब. पोहे झाले, प्रश्न झाले, सगळं जुळलं. तेवढ्यात मुलाच्या आत्यांनी घसा साफ केला.

‘‘पोरगी नर्स हाय न्हवं? मग तिच्या दवाखान्यातला डॉक्टर कसा हाय?’’

माझे वडील म्हणाले, ‘‘सज्जन माणूस आहे.’’

‘‘टीव्हीतला बी सज्जनच हाय की!’’ आत्या म्हणाल्या. ‘‘बघितल्याबिगर मी हो म्हननार न्हाय.’’

वडिलांचा चेहरा उतरला. मला तर मुलगा आवडला होता. दुसऱ्या दिवशी आत्या केसपेपर काढून थेट केबिनमध्ये. डॉक्टर त्या वेळी डबा खात होते. वय अठ्ठावन्न, शर्टाचं पोटावरचं बटण तुटलेलं, कानांत केसांची झुडपं, मिशीला आमटी. आत्यांनी दारातनंच नीट बघून घेतलं, पदर सावरला आणि बाहेर आल्या.

‘‘काय काळजी न्हाय,’’ मला म्हणाल्या. ‘‘लग्नाच्या याद्या करून टाकूया!’’

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ‘‘सिस्टर, ह्या बाई कशाला आल्या होत्या?’’

‘‘तुम्हाला बघायला.’’

‘‘मग?’’

‘‘पसंत पडलात.’’

दिवसभर डॉक्टर खुशीत होते. खरं कारण मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

*

आणि आता अक्कांचं.

अक्का कागलच्या पलीकडच्या, सीमेवरच्या गावातल्या. साठीच्या, एकट्या, कडक. पित्ताशयात खडे, कळेचा झटका आला म्हणून दाखल झालेल्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला पाहिजे, पुन्हा असा झटका आला तर जिवावर बेतेल. अक्का म्हणाल्या, ‘‘मी न्हाय टेबलावर चढत.’’ आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’च म्हणतात, तशा त्याही. खाटेवर पडून राहिल्या, पण सहीला अंगठा देईनात.

मालिकेत त्याच आठवड्यात एक म्हातारी दाखवली. तिलाही ऑपरेशन सांगितलेलं. तिला ट्रॉलीवरनं आत नेलं, दार बंद झालं, वरचा लाल दिवा लागला आणि भाग संपला.

अक्का म्हणाल्या, ‘‘ठरलं तर. ती वाचली तर मी चढतो. न्हाय वाचली तर घरला जातो.’’

बाबालालनं तो आठवडा कसा काढला, त्यालाच माहीत. अक्कांना रोज गोळ्या तो द्यायचा, त्याला त्या ‘लेकरा’ म्हणायच्या. बुधवारी झटका आला. रात्रभर कळवळल्या, पण शब्द बदलला नाही. डॉक्टर तर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, ‘‘सिस्टर, दिल्लीला दूरदर्शनला पत्र टाकून विचारता येतं का हो?’’

रविवार आला. अक्कांची खाट टीव्हीसमोर आणून लावली. साडेनऊ. धडधड, व्हायोलिनं, ‘आ…’ आणि दहा मिनिटांत लाईट गेली.

बाबालाल उठलाच. ‘‘पलीकडच्या गल्लीला दुसरी लाईन हाय. मी बघून येतो!’’ म्हणून सुसाट सुटला.

तो गेला आणि पाच-सात मिनिटांत लाईट आली.

आम्ही सगळ्यांनी बघितलं. लाल दिवा विझला. म्हातारीच्या तोंडावर पांढरी चादर ओढली. मग तिचा मुलगा, मग रिकामी खाट. मी टीव्ही बंद करायला उठले, अक्का म्हणाल्या, ‘‘राहू दे. बघू दे मला.’’ डॉक्टर खाली मान घालून बसले होते. अक्कांनी पिशवी ओढली आणि लुगडं घडी करायला घेतलं.  

तेवढ्यात पायऱ्यांवर धाडधाड पाय वाजले. बाबालाल दारात. घामानं निथळलेला, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, गुडघा फुटलेला.

‘‘अक्का! वाचली! वाचली वो! सोताच्या पायांनी चालत घरला गेली! मी ह्या डोळ्यांनी बघितलं!’’

अजून चालूच असलेल्या टीव्हीवर शेवटची धून वाजत होती. बाबालालचं तिकडं लक्षच नव्हतं. मी डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टरांनी माझ्याकडं. अक्का बाबालालकडं बघत होत्या. त्याच्या तोंडाकडं, मग त्या फुटलेल्या गुडघ्याकडं. खूप वेळ.

मग त्यांनी लुगडं पुन्हा पिशवीत घातलं.

‘‘व्हय? वाचली म्हनतोस?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग कागद आना. कुठं अंगठा द्यायचा?’’

सोमवारी ऑपरेशन झालं. खडे निघाले, टाके सुकले, दहाव्या दिवशी अक्का निघाल्या. पिशवी बाबालालच्या हातात, आणि तो आपल्याच तोऱ्यात. लाईट परत आली होती हे आम्ही कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

‘‘बघा अक्का, मी सांगितलं न्हवतं? त्या टीव्हीतल्या म्हातारीसारख्याच तुमी बी चालत निघाला की!’’

अक्का फाटकात थांबल्या. कठडा धरून माझ्याकडं वळून बघितलं, आणि मग त्याला म्हणाल्या,

‘‘तिच्यापरास मी जरा बरा चालतोय, लेकरा.’’