पेटीमास्तरांचा बारा फुटी फोटो

पेटीमास्तर म्हणजे आमच्या गावातले जुने फोटोग्राफर. लाकडी पेटीएवढा कॅमेरा, वर काळं फडकं, आत तळहाताहून मोठी फिल्म. लेकही फोटोग्राफरच, पण डिजिटलवाली. चांगलं कुठलं, यावरून घरात रोज ठिणगी उडायची.

कर कार्यालयाच्या इमारतीला पन्नास वर्षं झाली. मुख्य दालनात तिचाच बारा फुटी फोटो लावायचं ठरलं. तीन बैठकांनंतर समितीने निर्णय घेतला, की निर्णय नंतर घ्यावा. आधी दोघांनीही फोटो काढावेत.

भर कामाच्या वेळी बापलेक समोरच्या गच्चीवर चढले. लेकीने भराभर चाळीस फोटो टिपले. पुढे संगणकावर ते जोडले, भिंतीच्या भेगा बुजवल्या, खिडक्यांत आभाळ भरलं. मास्तरांनी ढगाळ उजेडात चार सेकंद भिंगाचं झाकण काढलं. एकदाच.

"बाबा, एकच?"

"लग्नही एकदाच केलं. निभावलं ना?"

"ते आईला विचारावं लागेल."

दोन्ही फोटो भिंतीवर चढले. लांबून सारखेच. मग एका सदस्याने मास्तरांच्या फोटोला नाक लावलं आणि तो खोकायलाच लागला. खिडकीखिडकीतली टेबलं लख्ख दिसत होती. तिसऱ्या मजल्यावर मोठे साहेब: पाय टेबलावर, तोंड उघडं. खालच्या मजल्यांवर आणखी सात जण तशाच समाधीत.

"फिल्ममध्ये असा दोष येतो का हो?" साहेबांनी विचारलं.

"दोष नाही, साहेब. चार सेकंदांत जे हलतं ते पुसट येतं. आपण अजिबात हलला नाहीत."

डिजिटल फोटो एकमताने मंजूर झाला. मास्तरांच्या फोटोवर शेरा पडला: 'अनावश्यक तपशील.'

वाटेत जिंकलेली लेक म्हणाली, "बाबा, तुमचाच चांगला होता."

"तुझाही चांगलाच गं. त्यांना हवी तशी इमारत तू दिलीस."

आठवड्याने त्याच कार्यालयातल्या एक कारकून बाई स्टुडिओत आल्या. त्यांनी फोटो उलगडायला लावला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतल्या धुरकट पट्ट्यावर बोट ठेवलं. "ही मी. फायली लावत होते. एवढ्याच तुकड्याची प्रत मिळेल?"

"अहो, यात चेहरा कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"नसू दे. घरी सगळे विचारतात, ऑफिसात दिवसभर करतेस काय."

मास्तर तसेच उठून डार्करूममध्ये गेले. लेक चौकट शोधायला लागली.