बांधावरची चिंच

धाड गावाजवळच्या एका शेताच्या बांधावरची चिंच गेल्या वर्षी पोळ्यानंतर तोडण्यात आली. ती माझ्या बातमीमुळे तोडली गेली.

शेत ओळखीच्यांचं. त्यांना मी काका म्हणतो. त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. चिंचेच्या फांदीवर तपकिरी अळी होती. पुढचे पाय लांब, शेपूट फुगीर आणि वर वळलेली. काडी लावली की डोकं मागे टाकून पाय थरथरवायची.

"इच्चू वाटते ना भाऊ?" काका म्हणाले.

"चावते का?"

"मले तं नाही चावली. पानं खाऊन राह्यली नुसती."

एवढंच माझ्या वहीत आहे. 'विषारी' हा शब्द वहीत नाही. तो मी बातमी पाठवताना घातला. कृषी कार्यालयाला विचारलं नाही. जिल्हा पानावर फोटोसह मथळा आला: 'विंचवासारखी विषारी अळी'.

त्या चिंचेखाली निंदणाच्या बाया भाकर खायच्या, लेकरांच्या झोळ्या तिथेच बांधायच्या. बातमीनंतर आठ दिवस त्या शेतात कोणी आलं नाही. सोयाबीनमध्ये गवत वाढत गेलं. मी काकांबरोबर शेताकडे निघालो तेव्हा त्यांच्यातली एक रस्त्यात भेटली.

"पेपरात तुमीच लिवलं ना? मंग आता तुमीच या निंदाले."

सोबतच्या हसल्या. काका हसले नाहीत. "उद्या झाड पाडतो," ते म्हणाले. "त्याबिगर येत नाहीत ह्या."

त्या संध्याकाळी मी कृषी अधिकाऱ्यांना फोटो दाखवला. ते म्हणाले, ही नोटोडोंटिडी कुळातल्या एका पतंगाची अळी. त्या कुळात अशा विचित्र आकाराच्या अळ्या बऱ्याच. पानं खातात. हिला दंश नाही, विष नाही. तो आव फक्त पक्ष्यांना घाबरवण्यासाठी.

पाच वाजल्यापासून मला हे माहीत होतं. काकांचा नंबर फोनमध्ये होता. फोन केला तर 'विषारी' हा शब्द माझा होता, हे सांगावं लागलं असतं. मी फोन केला नाही.

सकाळी आठ वाजता चिंच तोडली. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर तीन ओळींची दुरुस्ती आली. तिच्यात माझं नाव नव्हतं.

बाया त्याच आठवड्यात निंदणाला परतल्या. दुपारची भाकर त्यांनी बांधावर, उन्हात बसून खाल्ली.