झेंडूने अडवलेला वारा

प्रिय अन्वी आणि कबीर, तुमच्या आजोबांच्या जुन्या गाडीबद्दल मुद्दाम लिहिते आहे, कारण ती भंगारात जाणार होती. हल्ली ती घाटाच्या निम्म्यावर तापून थांबायची. शिरीषकाका म्हणाला, "आई, आता पुरे. इंजिनच गेलंय तिचं."

देण्याआधी उस्मानभाई मेकॅनिकला एकदा दाखवू, एवढा हट्ट मी धरला. त्यांनी रेडिएटरचं पाणी पाहिलं, पंप पाहिला, पंख्याचा पट्टा पाहिला. सगळं ठीक. मग पुढची जाळी काढली आणि मोठ्याने हसले. "वहिनी, पूजा केलीत की गाडीला जेवू घातलंत?"

रेडिएटरच्या बारीक पात्यांत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या गच्च बसल्या होत्या. पुढच्या जाळीवर बांधलेला दसऱ्याचा हार आजोबा कधी उतरवू देत नसत. तो आपोआप गळून पडेपर्यंत गाडी तशीच फिरे. आजोबा गेल्यावरही आम्ही ती रीत मोडली नाही.

ब्रशने निघालेल्या पाकळ्या मी ओंजळीत घेतल्या. हाताला वजनच जाणवेना. एवढं लोखंड, आत एवढी आग, आणि तिला निववणारा नुसता वारा! तोही फुलांनी अडावा? आपली मायासुद्धा कुणाच्या वाऱ्याच्या वाटेत अशीच बसत असेल, कोण जाणे.

काल आम्ही न थांबता घाट चढलो. तापमानाचा काटा मध्यावरच राहिला. यंदा हार मागच्या बाजूला बांधू.

आजोबांची गाडी अजून चालते.