जुलै महिन्यातल्या दोन शाली

ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि टेक्सासातल्या आमच्या गावात घरोघरी ‘विकणे आहे’च्या पाट्या लागल्या. नवऱ्याची तेल कंपनीतली नोकरी गेली. घर चालायचं ते माझ्या पगारावर. आणि माझी नोकरी कसली, तर काउंटी, म्हणजे तिथली जिल्हा परिषदच म्हणा ना, आणि गावातले व्यापारी यांनी मिळून काढलेल्या विकास मंडळात प्लॅनर! नवे कारखाने आणायचे. रस्ता काउंटीने करायचा, जमीन व्यापाऱ्यांनी द्यायची. कागदावर सगळं झकास.

प्रत्यक्षात काउंटीचे प्रमुख म्हणायचे, आधी जमीन. व्यापाऱ्यांचा म्होरक्या, एक बँकवाला, म्हणायचा, आधी रस्ता. अहो, लग्नात व्याही रुसून बसतात ना, तसे दोघे! शेवटी ठरलं, जुलैच्या बैठकीत जमलं नाही तर मंडळ बरखास्त. म्हणजे नवरा घरी, मीही घरी, आणि मग गाशा गुंडाळून परत भारतात.

व्याह्यांवरचा उपाय मला ठाऊक होता. मानपान! आमच्या लग्नात आलेल्या दोन कोऱ्या लोकरी शाली बॅगेत पडून होत्या. मेक्सिकन दुकानातून दोन नारळ आणले. एकाचा सत्कार आधी केला असता तर पुन्हा पंचाईत, म्हणून बैठकीला नवऱ्यालाही सोबत नेलं. त्याने प्रमुखांना, मी बँकवाल्याला, एकदमच शाल पांघरवली आणि हातात नारळ दिला.

फोटो झाला की शाल काढून घडी करून ठेवायची असते, हे यांना कोण सांगणार? माझ्या ते डोक्यातच आलं नाही. टेक्सासातला जुलै म्हणजे आपला रणरणता मे, त्यात नेमका हॉलचा एसी बंद. बँकवाला लालबुंद झाला. “हे किती वेळ अंगावर ठेवायचं असतं?” त्याने हळूच विचारलं.

मी गडबडले. तोंडातून निघून गेलं, “निर्णय होईपर्यंत.”

नवऱ्याने कपाळावर हात मारला.

आता आधी शाल कोण काढणार? कोणीच काढेना! दोघे मांडीवर नारळ घेऊन घाम गाळत एकमेकांकडे बघत बसले. बाकीचे खुसखुसायला लागले. अखेर प्रमुख ओरडले, “रस्ता आणि जमीन एकाच दिवशी! लिहून घ्या!” बँकवाल्याने जोरजोरात मान डोलावली. कित्येक महिने अडलेलं घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

परतताना गाडीत मी हसून हसून बेजार. नवरा मात्र गप्प. नोकरी गेल्यापासून तो असाच गप्प असायचा आणि मला त्या गप्पपणाची फार भीती वाटायची. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, “म्हणजे तुझी नोकरी टिकली.”

“टिकली की!”

“मग उद्यापासून तुझा डबा मी भरतो.”

या माणसाला तोवर साधा चहासुद्धा करता येत नव्हता. माझं हसू कुठल्या कुठे पळालं, आणि भर सिग्नलवर मला रडू फुटलं.